ब्रह्मकपालावर अण्णाचं नाव

गाडी तंजावूरला सकाळी सहाला लागायची होती आणि मी पाचपासून डब्याच्या दारात बॅग घेऊन उभा. भागीरथी, म्हणजे माझी बायको, बर्थवरून दोनदा म्हणाली की दारात उभं राहिल्याने गाडी लवकर पोचत नाही. मला ते माहीत आहे. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आमच्या आईने खास माझ्यासाठी राखून ठेवली होती. माझं लग्न होऊन मुलगा शाळेत जायला लागला तरी ती मला तेच म्हणायची.

पण त्या सकाळची घाई निराळी होती. माझा थोरला भाऊ जिवंत आहे की नाही, हे मला कळायला हवं होतं.

नीट सांगतो, नाहीतर वाटायचं की म्हाताऱ्याच्या डोक्यात हिमालयाची थंडी गेली. आम्ही नऊ जण बदरीनाथला गेलो होतो. आमच्या गल्लीतला सुब्रमण्यम दरवर्षी अशी छोटी टोळी घेऊन जातो, रसमाची पूड आणि लोणच्याच्या बरण्या सोबत बांधून. बदरीला अलकनंदेच्या काठावर ब्रह्मकपाल म्हणून जागा आहे. तिथे पिंड दिले की पितर कायमचे सुटतात, मग दरसाल श्राद्ध नाही केलं तरी चालतं, असं म्हणतात. आम्हा पुरुषांना एका ओळीत बसवलं, बायका मागे. पंडा भराभर नाती सांगायचा, आम्ही नाव आणि गोत्र सांगून भाताचा पिंड ठेवायचा. बाप, आजा, पणजा. आई, आजी. मामा, आत्या, सासरा. थंडीने बोटं आखडली होती, मागे दुसरी टोळी खोळंबली होती आणि वर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मीच पंड्याला म्हणालो, जरा लवकर आटपा. तो म्हणाला, भाई. मी म्हणालो, हनुमंतराव, काश्यप गोत्र. पिंड ठेवला, तीळपाणी सोडलं आणि पुढच्या नात्याला लागलो.

चहाच्या टपरीवर ग्लास हातात आल्यावर मला कळलं मी काय केलं ते. हनुमंतराव म्हणजे आमचा अण्णा. पापनाशमला राहतो, तंजावूरहून बसने तासाभराच्या आत. वय चौऱ्याहत्तर. आणि माझ्या माहितीप्रमाणे धडधाकट जिवंत.

मी तसाच परत धावलो. पंड्याने दुसरी टोळी बसवली होती. माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला सांगितलं की एक पिंड चुकून गेलाय, तो मागे घ्यायचा आहे. त्याने वर न बघता उत्तर दिलं की इथे दिलेलं मागे येत नाही, पोचतं.

भागीरथीने सगळं ऐकलं होतं. माझ्या मागेच तर बसली होती ती. परतताना जोशीमठला जीप थांबल्यावर म्हणाली, “बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. तुम्ही भाऊ शेजारच्या गावात ठेवून श्राद्ध केलंत.” एरवी मी तिच्यावर खेकसलो असतो. त्या दिवशी खेकसायला तोंड कुठे होतं?

तोंडानेच तर घात केला होता. चूक म्हणतो मी, पण ती निव्वळ चूक नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मी अण्णाला सगळ्यांदेखत म्हणालो होतो, तू मला मेलास. तेव्हापासून मी ते वाक्य रोज पाळत होतो. त्याचं नाव काढायचं नाही, त्याच्या गावाची बस दिसली की तोंड फिरवायचं. अकरा वर्षं मेलेला धरलेला माणूस ‘भाई’ म्हटल्यावर मेलेल्यांच्या ओळीत जाऊन बसला, यात जिभेचा तरी काय दोष?

भांडण आईच्या अग्नीवरून झालं. आई वारली ती माझ्या घरी, मंगळवारी पहाटे, ऐन मे महिन्यात. अण्णा आणि वैनी तेव्हा वैनीच्या भावाकडे बेंगळुरूला होते. अण्णाने फोनवर सांगितलं, निघालो, चारपर्यंत पोचतो, थांब. आमच्यात आईबापांना अग्नी द्यायचा मान थोरल्याचा. पण तीनला राहुकाळ लागत होता, ऊन मी म्हणत होतं, बर्फाच्या लाद्या वितळून ओसरीत पाणी झालं होतं. भटजी काहीच म्हणत नव्हते. घाई माझीच. पावणेतीनला मी अग्नी दिला. पावणेचारला अण्णा स्मशानात पोचला, टॅक्सीचं दार उघडं टाकून तसाच धावत आला. त्याला आईचा चेहरा दिसला नाही. तो चार लोकांत मला चोर म्हणाला आणि मी म्हणालो, तू मला मेलास. रागाच्या भरात नव्हतो म्हणालो. मला माझी लाज झाकायची होती.

घरी आलो. सूनबाई गायत्रीने गंगेचे तांब्याचे चंबू देवघरात ठेवले, आरती ओवाळली, पायांवर पाणी घातलं. रविवारी गंगासमाराधना ठरली होती, महाराष्ट्रातली माणसं ज्याला मावंदं म्हणतात ती. नातेवाइकांना जेवायला बोलवायचं, चंबू उघडून सगळ्यांना गंगा द्यायची. गायत्री बोलवायच्या लोकांची नावं वाचून दाखवत होती आणि मला घरात एका जागी बसवत नव्हतं. फिल्टर कापीचा टंबलर एका खोलीत ठेवून दुसऱ्या खोलीत शोधत होतो.

शेवटी मी मुलाला, वेंकटेशला विचारलं की पापनाशमच्या काकांचा नंबर कुणाकडे असेल का. तो जरा घुटमळला. मग कळलं की नंबर त्याच्याकडेच आहे आणि दर दिवाळीला तो माझ्या चोरून अण्णाला फोन करतो. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट जीव भांड्यात पडला. पण फोन लावला तर बंद. दहा मिनिटांनी पुन्हा बंद. दुपारपर्यंत चौदा वेळा लावला असेल, बंदच. वेंकटेश त्याच्याशी शेवटचं दिवाळीला बोलला होता, म्हणजे सात महिने झाले. सात महिन्यांत काय होत नाही?

भागीरथीने एक चंबू माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाली, “जा. डोळ्यांनी बघून या. असतील तर आपल्या तोंडाने सांगा, मगच रविवारचं आमंत्रण द्या. पिंड दिलेल्या माणसाला पानावर बसवायचं आणि मनात लपवायचं, हे माझ्या घरात चालायचं नाही.”

असतील तर, म्हणाली ती. ते दोन शब्द घेऊन मी पापनाशमवरून जाणाऱ्या कुंभकोणमच्या बसमध्ये चढलो. वाटेत अय्यमपेट्टैला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला, तेवढंही मला सोसवेना. उतरलो आणि रिक्षा केली. रेल्वे फाटकात रिक्षा अडकली आणि पाच मिनिटांनी तीच बस शेजारी येऊन उभी राहिली. कंडक्टर खिडकीतून बघून हसला. हसू दे. माझा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता, आणि तो कुणाला विचारायचा धीर नव्हता. पापनाशमला उतरल्यावर कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारता आलं असतं. तिला सगळ्या गल्लीची माहिती असणार. मी तिच्यासमोरून मान खाली घालून गेलो.

दार कृष्णवेणी वैनीने उघडलं. मी आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू होतं. तिण्णैच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, खांबाला धरून उभा राहिलो. वैनी म्हणाली, या राममूर्ती, असं, जणू मी मागच्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. फोनचं विचारलं तर म्हणाली, तो पाण्याच्या हौदात पडला, चार दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय.

अण्णा मागच्या दारी होता. वेष्टी गुडघ्यांवर खोचून केळीची वाळकी पानं ओढून काढत होता. पाठ वाकली होती. मला बघून त्याने हातातलं पान खाली टाकलं नाही की हसला नाही. बदरीला गेला होतास म्हणे, म्हणाला. मी जाणार असल्याचं वेंकटेशने दिवाळीलाच सांगितलं होतं त्याला. मी चंबू पुढे केला. त्याने हात धुतले, दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला. मग मास्तर माणूस तो, परीक्षाच घ्यायला लागला. तप्तकुंडात स्नान झालं का? झालं. ब्रह्मकपाल केलंस? केलं. कुणाकुणाला पिंड दिलेस?

मी सांगू लागलो. अप्पा, आजोबा, पणजोबा. आई. आईचं नाव घेतलं तेव्हा तो जमिनीकडे बघत होता. मामा, कमलाआत्या. आणि थांबलो. वैनी दारात येऊन उभी होती. आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही, हे मला कळत होतं.

“आणि तुला,” मी म्हणालो. “तुझं नाव घेतलं, अण्णा. तुझा पिंड ठेवला.”

त्याने नुसतं वर पाहिलं. मग मला गप्प राहवेना. घाईत झालं म्हणालो, जीपवाला हॉर्न वाजवत होता म्हणालो, मग तेही खोटं वाटलं म्हणून खरं ते सांगितलं, की अकरा वर्षं मनात तुला मेलेला धरलं होतं म्हणून तोंडातून गेलं, आणि गेल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. वैनी मधेच म्हणाली, जिवंत माणसाची अशी खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. अण्णाने हात वर करून तिला थांबवलं.

“तेव्हाही थांबला नाहीस,” तो म्हणाला. “आताही थांबला नाहीस.”

मला रडू कोसळलं. सत्तरीला टेकलेला माणूस मी, दुसऱ्याच्या परसात उभा राहून पोरासारखा रडलो. अण्णाने मला रडू दिलं. समजूत घातली नाही. मग हौदाच्या कडेवर बसला आणि धोतराच्या टोकाने चंबूवरचे ओल्या हातांचे ठसे पुसत राहिला.

म्हणाला, आम्हाला मूल नाही, हे काय तुला नव्याने सांगायचं. मी गेल्यावर माझं करायचं ते तूच, नाहीतर वेंकटेश. पण हिला मी बजावून ठेवलं होतं की माझं काही झालं तर राममूर्तीला कळवू नको. कळवूनही तू आला नसतास तर मेल्यावर माझी शोभा झाली असती. एवढं बोलून तो थांबला, त्याला दम लागला होता.

“आता हिला सांगतो, कळव म्हणून,” तो म्हणाला. “पण एक ऐक. हिचा भाऊ बेंगळुरूला आहे. यायला त्याला आठ-नऊ तास लागतात. त्या दिवशी हिच्याजवळ तिचं म्हणून एक माणूस असलं पाहिजे. तो येईपर्यंत मला ठेव. ऊन असो, भटजी काही म्हणो. थांबशील?”

वैनीने पदर तोंडाला लावला. मी अण्णाजवळ गेलो, त्याच्या गुडघ्यांवर हात ठेवला. हाडं लागली हाताला.

“थांबेन,” मी म्हणालो. “कितीही वेळ लागो, अण्णा. थांबेन.”