वळूची तपासणी

आमच्या शेजारचा मशीनवाला कापणीच्या मशीनवर चार महिने गावोगाव हिंडून काल घरी आला आणि आज सकाळी उठल्या उठल्या वळूवाल्याशी भांडायला लागला. त्याची गाय माजावर आली होती. वळू दारात उभा, आणि हा फाटक अडवून.

"तपासलाय का?"

"अरे, बघ की! पहिलवान आहे नुसता."

"दिसण्यावर काय जातोस? दहा गावं फिरतो तो. कुठनं काय घेऊन आला असेल, कपाळावर लिहिलंय का? आधी रक्त तपासून आण, मग माझ्या गायीजवळ ने."

मी कुंपणाला काटे लावत होते म्हणून सगळं ऐकू आलं. नसतं आलं, तर आणखी जवळ जाऊन काटे लावले असते.

त्याची बायको दुधाची चरवी खाली ठेवून म्हणाली, "अगदी बरोबर बोललात. तुम्ही कधी जाताय?"

"कुठं?"

"रक्त तपासायला. तुमच्या मशीनवरच्या जोडीदाराला एचआयव्ही निघालाय, त्याच्या बायकोनंच सांगितलं. एका मशीनवर बसून तो होत नाही, नर्सबाईंनी सांगितलंय मला. पण मशीन बंद झाल्यावर तुम्ही दोघं कुठं जायचात, तेही कळलंय."

वळूवाला वळूची शिंगं निरखायला लागला.

"म्हणून काल रात्री कडी लावलीस होय? अगं, तुला तांबी बसवलीय की! मग कसली भीती?"

"तांबी पोर अडवते. रोग नाही अडवत."

तिच्या पदरात दोन लेकरं, माहेरी कुणी नाही. त्यानं हात उगारला असता तर मी कुंपण ओलांडून गेलेच असते, काटे गेले चुलीत. पण आत्ताच केलेली बडबड त्याला आठवली असावी. तो चरवी उचलून घरात गेला.

दोन दिवसांनी दवाखान्यातून छाती फुगवून आला. "काही नाही निघालं! झालं समाधान?"

"नर्सबाई आणखी काय म्हणाल्या?"

"तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या. नुकतं लागलं असेल तर आत्ता दिसत नाही."

"मग तोवर ओसरीवर झोपा. नाहीतर दुकानातून निरोध आणा."

आठवडाभर डासांनी त्याला फोडून काढला.

मग एका दुपारी मी तेल आणायला गेले, तर हा दुकानात. दुकानदार चारचौघांत म्हणाला, "निरोध? कशाला रे? वहिनींना तांबी आहे ना?"

"तांबी पोर अडवते. रोग नाही अडवत," मशीनवाला म्हणाला आणि पाकीट खिशात घालून चालू लागला.

दुकानदार दर आठवड्याला माल आणायला शहरात मुक्कामाला असतो. मी तेल मागितलं, त्यानं मीठ दिलं.

ते मीठ घेऊन मी सरळ दुकानदाराच्या बायकोकडे गेले.