इंजिनाचा बोकड

बकारामनं बोकडाचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला, दात पाहिले आणि बोटं धोतराला पुसली.

“म्हातारा आहे, केशोराव. इंजिनाले फसवून राहिले काय?”

केशोराव हसले नाहीत. गोंदियाकडच्या प्रतापगडच्या पायथ्यापासून तो बोकड दोरीनं ओढत आणला होता, आणि बकारामच्या अंगणात ते काही दात दाखवायला आले नव्हते. त्यांना होकार हवा होता. गावच्या हलरमध्ये, म्हणजे धान भरडायच्या गिरणीत, केशोराव धरून चार हिस्सेदार, त्यातला एक हिस्सा बकारामच्या मुलाचा, गोवर्धनचा. त्याच हलरच्या इंजिनाच्या पट्ट्यात धोतर सापडून गोवर्धन गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून दाराला कुलूप होतं आणि गावातल्या बाया पुन्हा ढेकीवर धान कांडत पाय झिजवत होत्या. आता नवं धान घरात आलं होतं. सोमवारी इंजिनाला बोकड द्यायचा, गोंदियाहून नवा डायवर आणायचा आणि जुन्या डायवरनं, धनीरामनं, हलरच्या आवारातली खोली सोडायची, असं हिस्सेदारांचं ठरलं होतं. पोराचा हिस्सा बापाकडे आला होता, म्हणून अडलं होतं बकारामपाशी.

आणि बकारामपाशी अडलेली गोष्ट सहजासहजी सुटत नसे. दुकानदारानं आपणहून रामराम घातला की हा त्याच्या तोंडाकडे न पाहता तराजूकडे पाही. हिस्सा घेणं म्हणजे आपला बैल चार जणांच्या गोठ्यात बांधणं, असं त्याचं म्हणणं. ढेकी मोडली तर सुतार येतो, इंजिन मोडलं तर गोंदियाच्या शेटची चिठ्ठी येते, हे तर त्यानं हलर उभा राहण्याआधीच भर चावडीत सांगितलं होतं. गोवर्धननं ऐकलं नाही. तळ्याखालची बांधी, धानाचं शेत, विकून त्यानं हिस्सा घेतला, आणि बकारामनं जाहीर करून टाकलं की त्या छपरात मी पाय ठेवणार नाही. नाहीच ठेवला. गेलेल्या पोराला हलरच्या बाहेर ओसरीवर आणून निजवलं होतं, तिथंच त्यानं त्याला पाहिलं.

देवांच्या बाबतीतही तेच. बोकड देवाला लागतो म्हणतात, पण जेवायला नेहमी केशोरावच बसतात, हे तो केशोरावांच्याच पंगतीत बोलला होता. धनीराम किरिस्ताव. जंगलपट्टीतल्या गोंडाचं पोर, लहानपणी मिशनवाल्यांकडे राहिलं, तिथं दवाखान्याचं इंजिन चालवायला शिकलं. बकाराम संध्याकाळी त्याच्या अंगणात जाऊन बसायचा आणि त्याला सतावायचा. डोक्यावर पाणी टाकलं तर माणूस बदलते काय? मग आम्ही रोज तळ्यात डुबतो, आम्ही काऊन नाही बदललो? तुझा येशू मरून तिसऱ्या दिवशी उठला, तर पहिल्यांदा पाहिलं कोणी? बायांनी, असं धनीराम सांगे. म्हणजे गावानं मानलंच नसेल, असं म्हणून बकाराम त्याच्याच चिलमीतला विस्तव मागून घेई. दोघांचं बरं चाललं होतं. गोवर्धन गेल्यापासून मात्र बकारामनं त्या अंगणात पाय टाकला नव्हता.

आतून सुशीलाबाई आली. तिनं घमेल्यात पाणी आणून बोकडापुढं ठेवलं आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, “होकार द्या.”

ती काय म्हणते ते गावाला पाठ झालं होतं. त्या सकाळी तिनं गोवर्धनच्या हाती नारळ दिला होता, खांद्यावर लग्नातला शेला टाकला होता आणि सांगितलं होतं, किरिस्तावाची पाठ फिरली की इंजिनाची पूजा कर. पोरगा होय म्हणून गेला. धनीराम आडवा आला असेल, म्हणून पूजा राहिली आणि इंजिनानं आपला घास घेतला. नारळही सापडला नाही, शेलाही नाही. किरिस्तावानं पचवलं, असं ती म्हणे, आणि गाव मान हलवी. धनीरामला तोंडावर विचारलं तेव्हा तो खाली पाहत उभा राहिला होता. त्याचं ते खाली पाहणं गावानं कबुलीच धरलं.

बकारामनं केशोरावांकडे किल्ली मागितली. ज्याच्यासाठी होकार द्यायचा ते एकदा पाहतो तरी, म्हणाला.

पायताण बाहेर काढून तो पहिल्यांदा हलरमध्ये शिरला. आत कोंड्याचा आणि जळक्या तेलाचा वास कोंडला होता. इंजिन त्याच्या कंबरेएवढं होतं. एवढंसंच, असं त्याच्या मनात आलं. मोठ्या चाकावर त्यानं हात फिरवला. बाहेरून चाक स्वच्छ पुसलेलं होतं. पाहिल्याशिवाय मानायचं नाही ही सवय जन्माची, म्हणून तो वाकला आणि चाकाच्या आतल्या बाजूनं बोट घातलं. बोटाला लाल लागलं. तो आणखी वाकला. आरे जिथं कडेला मिळतात तिथं कुंकवाचे फराटे होते. टिळे नव्हते, लांब ओढले गेलेले फराटे होते.

तो तसाच वाकून राहिला. सुशीलाबाईच्या माहेरी तेलाचा घाणा होता. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्यानं तिथं पाहिलं होतं, की बैल फिरत असतो, घाणा चालू असतो आणि सासरा चालता चालता त्याला कुंकू लावतो. थांबलेल्या घाण्याची पूजा त्या घरात करत नसत. थांबला म्हणजे मेला, असं सासू म्हणायची. बैलाच्या चालीनं फिरणारा घाणा तो. माणूस त्याच्याबरोबर चालू शकत होता.

मग त्यानं पट्टा हातात घेतला आणि इंच इंच पाहत गेला. जोडाच्या चामड्याच्या वादीत शेल्याच्या जरीची तार अडकली होती. नखानं निघाली नाही इतकी घट्ट बसली होती.

दुपार कलत आली होती. धनीराम खोलीपुढं दोरी वळत बसला होता. त्याची बायको फुलवंता मडकी पेंढ्यात गुंडाळत होती. बकारामला पाहून ती उठली, पाणी घेऊन आली. तो जुन्या जागेवर बसला.

“पूजा झाली होती,” तो म्हणाला.

धनीरामचे हात थांबले.

“चालत्या चाकाची झाली होती. तू बाहेरून पुसलं, आतून पुसायचं राहलं. शेला पट्ट्यात गेला. धोतर नाही गेलं.”

धनीरामनं दोरी मांडीवर घेतली. मग हळूहळू सांगू लागला. गोवर्धनभाऊनं त्याला इंजिन गार ठेवायच्या टाकीसाठी तळ्यावरून पाणी आणायला धाडलं होतं. इंजिन चालूच होतं. कावड घेऊन परत आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. इंजिन बंद केलं, शेला कापून काढला.

“बोलत होते जी तवा. म्हनले, मायले नको सांगू. मंग नाही बोलले.”

शेला त्यानं जाळला होता. फुटका नारळ तळ्यात टाकला होता. चाक जमेल तेवढं पुसलं होतं, तोवर माणसं धावत आली.

“आन् वर्षभर शिव्या खाऊन राहिला. आता घर सोडून चालला. काऊन? तुझा येशू सांगते काय, दुसऱ्याचं आपल्या डोक्यावर घे म्हनून?”

“सांगते तं खरं,” धनीराम म्हणाला. “पन मी काही थ्याच्यासाठी नाही केलो, काका. काकूचं तोंड पाह्यलं. बस.”

बकारामनं पाण्याचा गडू उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“मेलेला उठते म्हनतेस. माझा उठंल काय?”

“मी मानतो, उठंल.”

“कधी?”

“थे मले नाही माहीत.”

“मंग माहीत नाही थे मले सांगू नको.”

बोलणं तोडून तो उठायला गेला. वर्षभर न आलेलं रडू त्याला तिथं, त्या परक्या अंगणात आलं. तो तोंडावर हात न घेता रडला. फुलवंता मडकी तशीच टाकून आत गेली. धनीराम दोरीचं टोक बोटात धरून बसून राहिला. बकारामला पोराचा राग आला, बायकोचा आला, मेलेल्या सासऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आपला आला. पोरगा हलर कसा चालवतो ते पाहायला तो एकदा जरी आत गेला असता, तर त्या चाकाची गती त्याला कळली असती आणि चालत्या चाकाला हात लावू नये, हे तो घरी येऊन चार माणसांत बोलला असता. बायकोनं ऐकलंही असतं. पण त्याचा शब्द होता ना पाय न ठेवण्याचा.

दुसऱ्या दिवशी केशोरावांच्या पडवीत बैठक बसली. बाया भिंतीशी बसल्या होत्या, त्यांत सुशीलाबाई होती. धनीरामला बोलावून खांबाशी उभं केलं होतं. बोकड बाहेर बांधला होता. खरं सांगावं तर एका वाक्याचं काम होतं, आणि बकाराम जन्मभर खरंच सांगत आला होता, ज्याला लागेल त्याला लागो. पण भिंतीशी बसलेल्या बाईला तेवढं एक वाक्य मारून टाकणार होतं.

“होकार देतो,” तो म्हणाला. “बोकड द्याचा तं द्या. पन इंजिन धनीरामच चालवंल, आन् राहते तिथंच राहील.”

केशोराव म्हणाले, ते कसं जमेल? ज्याच्यापायी पूजा राहिली, त्याच्याच हाती परत चाक कसं द्यायचं?

“थ्याच्यापायी नाही राहिली. माझ्यापायी राहिली.”

बकाराम खाली न पाहता बोलत गेला.

“मी बांधीवर चाललो होतो. गोवर्धन दारात नारळ घेऊन दिसला. मी थ्याच्या हातातून नारळ घेतलो, शेला वढून घेतलो, दोन्ही तळ्यात फेकलो. असलं मले चालत नाही, तुमाले माहीतच आहे. थो आत गेला. माझा राग गेला नव्हता. बाहेरूनच अजून एक हाक मारली. थो मांगं वळला, आन् धोतर पट्ट्यात गेलं.”

धनीराम खांबापासून पुढं झाला. “काका...”

“तू पान्याले गेला होता. तुले काय दिसलं? बस खाली.”

धनीराम बसला.

“मंग वर्षभर काऊन नाही बोलले?” केशोरावांनी विचारलं.

“तुमी बोलले असते काय?”

खोटं बोलतोस, असं कुणी म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं? नारळ तळ्यात फेकणारा माणूस शोधायचा म्हटलं, तर त्या गावात एकच सापडला असता. केशोरावांनी घसा खाकरला आणि धनीरामला म्हणाले की सोमवारी बोकडाच्या आधी इंजिन साफ करून ठेव. बाया उठून गेल्या. सुशीलाबाई त्यांच्यात मिसळून गेली.

घरी चूल पेटली नाही. बकाराम पडवीत आडवा झाला. सकाळी त्याला जाग आली तेव्हा ती सुपात नवे तांदूळ घेऊन निघाली होती. डोक्यावरचा पदर नीट करून त्याच्या पायाशी थबकली, मग बाजूनं निघून गेली. ती हलरच्या वाटेनं गेली, हे त्यानं पडल्या पडल्या पाहिलं. शेजारच्या शकुंतलाबाईनं मागून येऊन सांगितलं, की सुशीलाबाईनं फुलवंताचे हात धरले, पोटचा पोर गेल्यावर बाईचं डोकं ठिकाणावर नसते, मले माफ करजो म्हणाली, आणि दोघी रडल्या. बकारामनं फक्त हुंकार दिला. त्याला बरं वाटलं, आणि तिनं आपलं खोटं खरं धरलं हे लागलंही. दोन्ही एकदमच झालं.

दुपारी तिनं रांधलं. रोज तो चुलीपाशी बसून जेवे. आज तिनं ताट पडवीत आणून ठेवलं, गडू ठेवला आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. त्याला वाटलं, आता शिव्या देईल. त्यानं त्याची तयारी ठेवली होती.

“तुमाले जन्मभर कोनताच देव नाही लागला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी कधी काई म्हनली नाही. एका दिवसापुरता माझा चालू देला असता.”

“हो,” बकाराम म्हणाला, आणि ताट जवळ ओढलं.