निळं टोक

गोपीनाथरावांनी नळी व्हाइसमध्ये आवळली आणि तिचं निळा रंग लावलेलं, चार बोटं लांबीचं टोक हॅक्सॉने कापून टाकलं. वागळे इस्टेटमधल्या या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलेलं. माल आला की रंगाचं टोक आधी उडवायचं; रंगावर जोड नीट बसत नाही आणि धूर नाकातोंडात जातो तो वेगळाच.

तुकडा खाली पडला. उचलताना तो जरा जड वाटला, म्हणून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. रंगाकडची कड चांगली जाड होती आणि जिथून कापलं तिथे नुसता पत्रा. ते तिथेच स्टुलावर बसले.

नळी सुनेच्या सायकलची होती. आसावरीची उंची चार फूट दहा इंच. दुकानातल्या एकाही सायकलवरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. शेवटी तिने स्वतःच फ्रेमचं ड्रॉइंग काढलं आणि सासऱ्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवलं. कोपरीतल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, सायकल रोज तीन मजले खांद्यावरून वर न्यायची, म्हणून नळ्या हलक्या हव्यात. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ, कारण जोर येतो तो जोडावर, हे तिने जेवताना दोनदा समजावलेलं. तेव्हा गोपीनाथराव म्हणाले होते, पाईप तो पाईप, मला काय शिकवतेस! घ्या आता. परदेशातून नळ्या यायला सहा आठवडे लागले होते.

बाहेरून काहीच कळत नव्हतं. जोड मारून वर रंग दिला असता तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. पण रोजच्या वाटेवरच्या पुलाच्या उतारावर त्या जोडावर आसावरीच असणार होती. आणि चूक कबूल केली, तर मुलगा सुदेश टपलेलाच होता. बाबा, आता वर्कशॉप बंद करा, हे त्याचं पालुपद वर्षभर चालू होतं. वर्कशॉपशिवाय आपण सकाळी उठून करायचं काय, याची गोपीनाथरावांना मनापासून भीती वाटायची.

अकराच्या सुमाराला आसावरी पोह्यांचा डबा घेऊन आली. त्यांनी तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने व्हर्नियर लावून दोन्ही कडांची जाडी मोजली. मग भिंतीवरच्या ड्रॉइंगकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यावर तिची नजर क्षणभर थांबली. तिने कागद काढला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.

"चूक माझी आहे, बाबा. रंगाचं टोक ठेवायचं, हे मी लिहायलाच विसरले."

दुसरी नळी मागवू, त्यात काय एवढं, असंही ती म्हणाली. गोपीनाथरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी डबा उघडून पोह्यांचा एक घास घेतला, पण कोपऱ्यावर थांबलेली तिची नजर त्यांनी पाहिली होती; त्यांनी हात पुढे केला.

"तो कागद दे."

"राहू दे ना, बाबा."

त्यांनी हात पुढेच ठेवला. कागद मिळाल्यावर घड्या उलगडून त्यांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे काय लिहिलंयस?"

तिने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"वाच. मला दिसत नाही. बारीक अक्षर वर्षभर दिसत नाहीये मला."

"निळं टोक कापू नये," आसावरीने हळूच वाचलं.

त्यांनी मान हलवली. सुदेशला सांगायचं तर सांग, म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावायला लागले.

आसावरीने लोखंडावर खुणा करायचा खडू उचलला. ड्रॉइंग होतं त्या भिंतीवर तिने तेच वाक्य वीतभर अक्षरांत लिहिलं आणि बाजूला झाली.

"हे दिसतं?"

"दिसतं."

"मग पुढची नळी पण तुम्हीच कापायची. उद्या मी रजा टाकते, आपण चष्मा करून आणू."