माझ्या पत्र्यात करंट उतरला होता

मी एक म्हातारी मोटारहोम बोलतेय. चाकांवरचं घर हो! पोटात दोन पलंग, छोटा ओटा, एवढीशी मोरी आणि पाणी तापवायचा हीटर. माझ्या बरोबरीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मला वाचवलं माझ्या मालकाने. जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झाला आणि हौसेने मला घेऊन आला. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी! त्या हट्टापायी माझ्या हातून काय होणार होतं, ते आठवलं की अजून माझा थरकाप होतो.

सुट्टीत नात राहायला आली. तिला माझ्यात झोपायचं होतं, म्हणून मालकाने मला अंगणात उभं केलं आणि माझी वायर घरातल्या प्लगला जोडली. खट्कन घराचा ट्रिप स्विच पडला. वर केला, पुन्हा पडला. असं चारदा झालं. माझ्या हीटरची कॉइल आतून फुटली होती, वीज माझ्या पत्र्यात उतरत होती आणि तो बिचारा स्विच जीव तोडून तेच सांगत होता.

"भलताच नाजूक आहे हा," मालक म्हणाला. मग या शहाण्याने काय करावं? धुण्याच्या जागेतला जुना बोर्ड शोधला. त्याला ना ट्रिप स्विच, ना अर्थिंगचं भोक. माझ्या वायरीतली हिरवी, अर्थिंगची तार त्याने सरळ कापली, वर टेप गुंडाळली आणि दोन पिनांचा प्लग बसवला. माझे दिवे लागले. स्वारी खूश! मला मात्र धडकी भरली. टायर रबरी, अर्थिंग कापलेलं. आता जमिनीवर उभं राहून जो मला हात लावेल, त्याच्या अंगातूनच ती वीज जाणार.

मालकाच्या पायात जाड रबरी बूट, त्याला काहीच कळेना. मालकीणबाई अनवाणी आली, दाराची कडी धरली आणि हात झटकला. जमीन कोरडी होती म्हणून थोडक्यात निभावलं. ती तडक बोर्डापाशी गेली.

"अहो, गाडीला करंट येतोय!"

"मुंग्या आल्या असतील हाताला. वय झालं आता तुझं."

"बावीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलंय मी. झिणझिण्या कशाच्या, ते मला नका शिकवू!"

"अगं, दिवे तर लागलेत ना छान?"

इतक्यात नात आली. झाडांना पाणी घालता घालता नखशिखांत भिजलेली, पाय चिखलाने माखलेले. "आजी, मी आत जाते!" म्हणत ती थेट माझ्या दाराकडे धावली.

मी ओरडणार तरी कशी? माझा हॉर्नसुद्धा मालकाच्या हातात!

मालकीणबाई नातीकडे धावली नाही. तिने दोन्ही हातांनी प्लग धरला आणि हिसडा देऊन उपटला. त्याच क्षणी पोरीचा ओला पंजा माझ्या कडीवर पडला.

काही झालं नाही. मालकीणबाईने प्लग दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"उगाच घाबरवलंस पोरीला," मालक पुटपुटला. तिने नातीला घरात कोंडलं, प्लग परत लावायला लावला आणि मालकाच्या हातात टेस्टर दिला. "लावा दाराला." टेस्टर लख्ख पेटला. मालकाने गुपचूप प्लग काढला आणि तिथेच मातीत बसला. "माझी पोर गं..." एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडला. घराच्या खिडकीतून नात हे सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने हीटर काढून फेकला, तीन तारांची नवी वायर घातली, अर्थिंग तपासलं आणि मला घरातल्या ट्रिप स्विचवरच जोडलं. "काका, स्विच पडला की त्याला नावं ठेवू नका. का पडला ते बघा," तो म्हणाला.

आता माझ्यात दिवे लागतात, पंखा फिरतो, पलंगावर स्वच्छ चादर असते. पण नात रोज येते आणि माझ्यापासून दोन हातांवर थबकते. आजी म्हणते, "जा गं, काही होत नाही." ती हात पाठीमागे लपवते.

ये ना गं बाळा. तुझी भीती खोटी नव्हती, पण आता मी नुसता पत्रा आहे. एकदा हात लावून बघ.