पुढच्या चाकांचा दांडा

सहादूचा ट्रक बुधवारी दुपारी आमच्या अंगणात आला. फाटकातून वळताना त्याची पुढची चाकं अशी किंचाळली की माझी बायको सुलाबाई हातातलं सूप ठेवून बाहेर आली.

सहादू माझा धाकटा भाऊ. देवळालीच्या लिलावात त्यानं लष्कराचा एक जुना, एक टनी ट्रक घेतला होता. चारही चाकांना इंजिनाचा जोर जाईल असा. दोन वर्षं तो पेठच्या बाजूला नागली, कौलं, लाकूड, मिळेल ते वाहत होता. चिखलात पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा असला की ड्रायव्हरच्या पायाशी असलेला एक छोटा दांडा ओढायचा, डांबरी रस्ता आला की परत ढकलायचा. तो दांडा आता अडकला होता.

"घाटात टाकला, तो नाय निघत," सहादू म्हणाला.

"घाट संपल्यावर काढला नाहीस का?"

"मुद्दाम नाय काढला, दादा. म्हटलं मागची चाकं रोजच ओढत्यात. पुढची पण जुंपलेली राहू दे नाशकापर्यंत, मागच्यांना तेवढाच आराम."

सुलाबाई हसली. "बैलं आहेत का ती?"

मला हसू आलं नाही, कारण सोमवार जवळ आला होता. सोमवारी सकाळी दहा वाजता एका सरकारी कचेरीमागच्या मैदानावर गाडी दाखवायची होती. डोंगराळ तालुक्यांतल्या मोजणीच्या कामासाठी त्यांना आठ महिने दोन गाड्या भाड्यानं हव्या होत्या. दांडा टाकून आणि काढून दाखवावा लागेल असं सहादूला सांगण्यात आलं होतं. गाडी घेतली गेली तर सहादू आणि त्याची बायको चांगुणा आमच्याकडेच राहणार होते. नाही घेतली तर ट्रक विकून दोघं मनमाडला जाणार होते. तिथे चांगुणाच्या भावानं रेल्वेच्या मालधक्क्यावर सहादूसाठी काम बघून ठेवलं होतं.

हे १९७९ सालचं. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला तेव्हा घरं विरळ होती. वाचनालयातली नोकरी संपल्यापासून मी घरीच होतो. आम्हाला मूल नाही. चैत्रात ते दोघं राहायला आले आणि घरात बोलण्याचे आवाज ऐकू येऊ लागले. ते जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं. पण ते कुणाला सांगायचं धाडस मला होत नव्हतं. सांगितलं तर सहादूच्या पायात आपण बेडी घालू, अशी माझी मीच समजूत घातली होती. खरं तर मला बोलताच येत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

ट्रकबरोबर लिलावात एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. गाडीची माहिती देणारं, तेलकट पुठ्ठ्याचं. सहादूनं ते मला केव्हाच देऊन टाकलं होतं. बुधवारी संध्याकाळी मी ते काढून बसलो. एका पानावर नेमकं हेच लिहिलेलं होतं. पुढच्या चाकांना जोर देऊन गाडी कडक रस्त्यावर चालवली तर पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताण साठतो आणि दांडा निघत नाही. त्याच्याशी जबरदस्ती करू नये. गाडी थोडी मागे घ्यावी. तेवढ्यानं नाही जमलं तर जॅक लावून पुढचं एक चाक जमिनीपासून उचलावं. चाक हिसका देऊन फिरेल आणि दांडा सुटेल.

मी ते तीनदा वाचलं. दोन शब्द कोशात पाहिले. तरी मनात आलं की इतकं सोपं असतं तर सहादूला माहीत नसतं का? फाटकातून आत घेताना गाडी मागेपुढे केलीच होती, तेव्हा कुठे सुटला दांडा? माझं इंग्रजी कथाकादंबऱ्यांचं. यंत्राचं इंग्रजी मला समजलंच असेल, याची खात्री काय?

गुरुवारी सकाळी रहेमानभाई आले. देवळालीच्या कँपातल्या वर्कशॉपात त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. आता घरी बसून होते, पण सहादूनं बोलावलं की यायचे. मी अंगणात आलो तेव्हा ट्रकखाली गोणपाट अंथरून ते आडवे झाले होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. माझ्या हातात पुस्तक होतं आणि त्या पानात बोट.

"कोण, सावळीरामभाऊ?" खालून आवाज आला. "चप्पल ओळखली मी. काय आणलं?"

"गाडीचं पुस्तक आहे. त्यात..."

"साहेब लोकांची किताब." ते हसले. "कँपात एक लेफ्टनंट होता. किताब मांडीवर घेऊन मला सांगायचा, रहेमान, पाना इधर लगाओ. मी म्हटलं, साहेब, तुम्ही वाचा, मी खोलतो. दोघांचं काम नीट होईल."

सहादू हसला. मीही हसलो आणि पानातलं बोट काढून घेतलं.

सगळं तिथंच चुकलं. नंतर मी त्या क्षणाचा पुष्कळ विचार केला. त्यांनी माझा अपमान केला नव्हता. मिस्त्री कामाला लागला की दुसऱ्यानं मध्ये बोलू नये, एवढीच आमच्याकडची रीत. पण त्या रीतीच्या आड लपणंही मला सोयीचं होतं. बोललो आणि चुकलो असतो तर?

गुरुवारचा दिवस दांड्यातच गेला. रहेमानभाईंनी गाडीचा तळपत्रा उघडला, सळ्या तपासल्या, सांध्यांवर डिझेल ओतलं. त्यांचं मत पडलं की मागच्या छोट्या गिअरबॉक्समधला एक तुकडा वाकला असणार, तो उतरवून बघावा लागेल. शुक्रवारी सकाळी त्यांनी उतरवायला सुरुवात केली. आधी पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडायचा होता. त्याचे चार बोल्ट. मी पायरीवर बसलो होतो, पुस्तक शेजारी. तीन बोल्ट निघाले. चौथा निघेना. रहेमानभाईंनी पाना लावून जोर दिला आणि खालून एक कडाक् असा आवाज आला. शाफ्टानं जागच्या जागी गिरकी घेतली होती. पाना उडाला होता.

रहेमानभाई बाहेर आले ते उजवा हात डाव्या हातात धरून. दोन बोटांवरून रक्त वाहत होतं. चेहऱ्यावर वेदनेपेक्षा गोंधळ जास्त होता.

"सहादू," ते म्हणाले, "दांडा बघ."

सहादूनं आत वाकून हात लावला. दांडा सहज पुढे गेला, सहज मागे आला.

सहादूनं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एका बोटाचं हाड मोडलं होतं. मी अंगणात उभा राहून त्या ट्रककडे बघत राहिलो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच झालं होतं. चाक फिरायचं ते शाफ्ट फिरला होता, एवढाच फरक. सुलाबाईनं विचारलं, "अहो, तुमचा चेहरा असा काय झालाय? बोट तर त्यांचं मोडलं."

शनिवारी मी जुन्या नाशकात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी माजिदाभाभींनी दार उघडलं आणि चहा टाकायला आत गेल्या. रहेमानभाई खाटेवर बसले होते. मी पुस्तक उघडून ते पान त्यांना मराठीत वाचून दाखवलं आणि हे मला बुधवारीच माहीत होतं असं सांगितलं.

त्यांनी पुस्तक डाव्या हातात घेऊन ते पान पाहिलं. मग म्हणाले, "कँपात हे आम्ही रोज करायचो. नवा ड्रायव्हर असला की हमखास अडकवून आणायचा. जॅक लावला, चाक उचललं, काम फत्ते. पाच मिनिटांचं."

"मग?"

"मग काय. विसरलो. पंचवीस वर्षं केलेलं काम मी विसरलो, भाऊ." पट्टी बांधलेल्या हाताकडे त्यांनी पाहिलं. "बोटाचं काही नाही."

"मी बोलायला हवं होतं."

"बोलला असतात तर मला राग आला असता," ते म्हणाले. "पण जॅक लावला असता मी."

चहा पिऊन मी उठलो. त्यांनी मला थांबवलं नाही.

रविवारी ते स्वतःहून आले. शाफ्ट अजून सुटाच होता, मिस्त्रीशिवाय सहादूनं त्याला हात लावला नव्हता. हात गळ्यात बांधलेला. अंगणात खुर्ची मांडून ते बसले आणि सहादू नि मी ट्रकखाली गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीच्या पोटाखाली आडवा झालो होतो. चष्मा कपाळावर घसरत होता, डोळ्यांत माती पडत होती. शाफ्ट दोघांनी उचलून धरायचा, भोकाला भोक जुळवायचं आणि बोल्ट सरकवायचा. पाच मिनिटांत तो माझ्या हातांतून निसटू लागे.

"सावळीरामभाऊ, झोपलात का?" वरून रहेमानभाई विचारत.

"दादा, तू हो बाजूला. सुलावैनीला पाठव, तिचे हात बळकट हायेत."

दुपारी कळलं की चौथ्या बोल्टाचे आटे गेलेत. पाना उडाला तेव्हाच गेले असणार. तसा बोल्ट सहादूजवळ नव्हता आणि रविवारी दुकानं बंद. तीन बोल्टांवर गाडी न्यावी असं सहादू म्हणाला. रहेमानभाईंनी साफ नाही म्हटलं. तीनवर गेलास तर भर मैदानात शाफ्ट साहेबाच्या पायाशी पडेल, म्हणाले.

सोमवारी सहादू सकाळी नवापासून बोल्टांच्या दुकानाच्या पायरीवर बसला. दुकान उघडलं साडेनऊला. पहिला बोल्ट लांबीला कमी निघाला, म्हणून परत जावं लागलं. काम संपलं तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. मी सहादूबरोबर गेलो. मैदानावर कुणी नव्हतं. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं की दहाला सहा गाड्या आल्या होत्या, त्यांतल्या दोन घेतल्या. आमची गाडी बघायला तो बाहेरसुद्धा आला नाही. त्याला दोष देता येत नाही. दहा म्हणजे दहा.

परत येताना मी सहादूला पुस्तकाबद्दल सगळं सांगितलं. बुधवारी वाचलं, गुरुवारी गप्प बसलो, सगळं. तो पुढे बघून चालवत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "तू गप्प बसतोस ते मला माहीत हाय. लहानपणापासून बघतोय. पण चांगुणाला काय वाटतं, ठाव हाय का? तिला वाटतं तुला आम्ही इथं नको. चैत्रापासून तू एकदा तरी म्हणालास का, राहा म्हणून?"

घरी आलो तेव्हा चांगुणा मागच्या खोलीत गादी गुंडाळत होती. सहादूचा चेहरा पाहून तिला काही विचारावं लागलं नव्हतं. आमच्याकडे थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. काही हवं असलं तर सुलाबाईला सांगायचं, ती सांगते. सहा महिन्यांत आम्ही दोघं समोरासमोर दहा वाक्यंही बोललो नसू. ती मला पाहून पदर सावरत उठली.

मी दारातच उभा राहिलो.

"चांगुणा, मनमाडला जाऊ नका," मी म्हणालो. "म्हणजे काम बघायचं असेल तर बघा. पण मला वाटतं की तुम्ही इथं राहावं. आधीपासून वाटतं."

तिनं खाली बघत गादीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"दादा, भावाला पत्र आधीच गेलंय," ती म्हणाली. "त्यानं साहेबाकडे शब्द टाकलाय. आता नाय कसं म्हणणार?"

"हो. ते खरं."

"यांना जाऊ द्या शनिवारी. काम जमतंय का ते बघू दे." मग म्हणाली, "मी लगेच नाय जात. जाऊबाईंचे गुडघे दुखतात. महिनाभर राहते. पुढचं पुढं."

मी बरं म्हणालो. ती गादी परत उलगडू लागली, निदान अर्धी तरी.

मी बाहेर आलो. अंगणात रहेमानभाईंचे पाने तसेच पडले होते. ते पुसून पिशवीत भरले आणि जुन्या नाशकाची बस बघायला निघालो.