भिकुबाईची मान

धुळ्याच्या जिनिंग गिरणीत भिकुबाईने उभा जन्म कपाशीचे बोजे डोक्यावर वाहिले, आणि शेवटी मानेचे मणकेच झिजले. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस. त्याने मान चाचपून पाहिली आणि औषधाची बाटली न देता व्यायाम सांगितला. डोळे मिटायचे, लांब श्वास सोडायचा, हनुवटी हळूच छातीकडे न्यायची, मग डावीकडे, मग उजवीकडे.

"झटका द्यायचा नाही बाई. मानेपायी हात गमवाल."

भिकुबाईला हातांचीच काळजी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. हात गेले तर तिला घास भरवणार कोण? घर गल्लीच्या टोकाला, आणि टोकाच्या घराकडे कोणाचं काय काम? दिवसचे दिवस ती कोणाशी बोलायची नाही. मांजर पाळलं, तर तेही दूध प्यायला शेजारी जाई.

सकाळी न्हाऊन केस वाळवायला ओट्यावर बसली की ती व्यायाम उरकायची. श्रावण लागला होता आणि घरोघर कानबाई देवीच्या उत्सवाची तयारी चालली होती. पाण्याला निघालेल्या वच्छलाबाईने पाहिलं : मोकळे ओले केस, मिटलेले डोळे, डुलणारी मान, तोंडातून लांब सुस्कारे. खानदेशात श्रावणात असं दिसल्यावर, अंगात कानबाई आली, याशिवाय माणूस दुसरं काय समजणार? हंडा खाली ठेवून तिने पदर पसरला.

"माय, मना पोऱ्या लोटन सुरतले जायेल शे. कधय येई तो?"

भिकुबाईने डोळे उघडले. खरं काय ते तोंडाशी आलं होतं. पण जन्मात तिला कोणी माय म्हटलं नव्हतं, आणि वच्छलाबाई तर अगदी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

"येई," ती म्हणाली.

लोटन पोळ्याआधीच घरी आला. तिकडची गिरणी बंद पडली म्हणून आला, पण ते कोण ध्यानात घेतो!

मग दर मंगळवारी ओटा भरू लागला. कोणी ताक आणी, कोणी कळण्याची भाकर, कोणी रडकं पोर तिच्या मांडीवर टाकी. भिकुबाई सोमवारपासूनच ओटा सारवायला घेई. इतकं सुख तिला नवऱ्याच्या राज्यातही मिळालं नव्हतं.

मात्र लोकांचं समाधान होईना. इतकी हळू घुमणारी देवी कोणी पाहिली नव्हती. एका मंगळवारी गल्लीतला भाईदास डफ घेऊन आला. डफ कडाडला, बायका सरसावून बसल्या, सगळ्यांच्या नजरा हिच्या मानेवर. त्या नजरांसाठी भिकुबाईने मान गरगरा फिरवली. दुसऱ्या दिवशी उजव्या हातातून तांब्या निसटला, आणि निसटला हेही तिला पायावर पाणी पडलं तेव्हा कळलं.

डॉक्टर चिडला. "हाताला अजून जीव येईल. पण पुन्हा असं केलंत, तर हा हात विसरा."

भिकुबाई घाबरली. पुढच्या मंगळवारी केसांचा घट्ट बुचडा बांधून ती ओट्यावर येऊन बसली. कोणीतरी नेहमीसारखं मांडीवर पोर टाकलं, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मना आंगमा काही येत नही. डाक्तरनी सांगेल व्यायाम शे हाऊ."

कोणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने भिकुबाईच्या मांडीवरचं पोर हळूच उचलून घेतलं. वच्छलाबाई उठून उभी राहिली आणि तिने साधंच विचारलं,

"मंग आते आम्ही येवानं नही का?"

बायका पायऱ्या उतरू लागल्या, भाईदासने डफ काखेत मारला. भिकुबाईची मांडी अजून पोराच्या अंगाने उबदार होती.

तिने डाव्या हाताने बुचडा सोडला. उजवा हात तिने मांडीवर ठेवून घेतला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"भाईदास," ती म्हणाली, "वाजाड."