खणाला लागलेला हात

नवरा हाल्वार गेल्यावर सुन्निवाने घरातलं काहीच हलवलं नाही. तिला ते जपून ठेवायचं असेल असं लोकांना वाटलं. खरं म्हणजे तिला काही सुचतच नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो अंगणातला बर्फ काढत होता. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला पाहिलं, कॉफी उतू जाईल म्हणून ती वळली, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा फावडं बर्फात रोवलेलं तसंच उभं होतं आणि तो खाली होता. क्षणात झालं असेल, डॉक्टर म्हणाले. त्या क्षणी ती कॉफीकडे बघत होती.

ट्रॉन्हैम शहरातल्या चढावरच्या त्या लाकडी घरात दोघं कित्येक वर्षं एकच काम करत आली होती. बंद पडलेल्या जुन्या संगणकांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, ती लिहीत. सध्याचं काम बंदराजवळच्या एका लहानशा संग्रहालयासाठी होतं. पूर्वी जहाजांच्या वाटाड्यांना ज्या यंत्रावर शिकवत, ते यंत्र केव्हाच मेलं होतं. उन्हाळ्यात लोकांना ते पुन्हा चालताना दाखवायचं होतं. नकलेतला मोठा भाग झाला होता. उरला होता तो एक नाजूक भाग, जो हाल्वारने हट्टाने स्वतःकडे ठेवला होता. "तुला धीर नाही," तो म्हणायचा, "तू घाईघाईत दार लावशील." त्याने त्या भागाची चाचणी तेवढी लिहून ठेवली होती, आणि मग बर्फ पडला होता.

भाग असा होता. यंत्रात अनेक प्रोसेसर, आणि सगळ्यांची मेमरी एकच. एकाने मेमरीच्या एखाद्या खणातला आकडा वाचायचा, त्यात भर घालायची आणि परत ठेवायचा. पण वाचणं आणि ठेवणं यांच्यामध्ये दुसऱ्या कुणी तिथे हात घातला, तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून वाचताना खणावर एक खूण करायची. मध्ये कुणी हात लावला की खूण मोडते, लिहिणं नाकारलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा क्रियांना त्या धंद्यात अ‍ॅटॉमिक म्हणतात, म्हणजे मध्ये तोडता न येणाऱ्या.

एप्रिलमध्ये, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून ओघळू लागला तेव्हा, सुन्निवाने ते लिहायला घेतलं. काम चांगलं झालं. मग तिने हाल्वारची चाचणी लावली आणि एका खणावर ती अडली. वाचलं, खूण केली, लिहायला गेलं की नकार. पुन्हा, आणि पुन्हा तेच. तिने बाकीचे सगळे प्रोसेसर बंद केले. आता खणाला हात लावायला कुणी उरलंच नव्हतं. तरीही खूण मोडत होती.

आपलीच चूक असणार, असं धरून ती शोधत राहिली. लिहिलेलं पुसून नव्याने लिहिलं, संगणक बदलून पाहिला. आणि एका दुपारी तिच्या लक्षात आलं की खणातला आकडा कधीच बदलत नाही. कुणीतरी येतं, तिथे जे आहे ते उचलतं आणि जसंच्या तसं परत ठेवून जातं.

हाल्वारची थोरली बहीण गुद्रून दर शनिवारी यायची. जन्मभर शहरात बस चालवलेली, आवाज मोठा, बूट दारात न काढणारी. त्या शनिवारी तिने माशाचे वडे आणले होते.

"वाळत घातलेल्या कॉड माशासारखी दिसायला लागलीयस. खा आधी."

"खाते गं."

"खाते म्हणतेस आणि पक्ष्यांना घालतेस. मला ठाऊक आहे." एवढं बोलून ती टेबलाच्या पलीकडच्या, हाल्वारच्या खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. "इथे कोण बसलं होतं आत्ता?"

"कुणी नाही. का?"

"गरम आहे."

"ऊन आलं असेल."

गुद्रूनने खिडकीकडे पाहिलं. बाहेर ढग इतके खाली आले होते की समोरच्या फ्योर्डचं, खाडीचं पाणीही दिसत नव्हतं. ती दुसऱ्या खुर्चीवर बसली, आणि त्या दिवशी लवकर निघून गेली.

त्यानंतर सुन्निवा हात लावून बघू लागली. पलंगाची त्याची बाजू, न वापरलेला टॉवेल, बाथरूमच्या दाराची मूठ. काही हललेलं नसायचं, चादरीला सुरकुती नसायची. पण कधीकधी, ती खोलीतून जाऊन परत येईपर्यंतच्या वेळात, त्यातलं काहीतरी कोमट झालेलं असायचं. तिला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी ती रोज उठल्याबरोबर चाचणी लावू लागली आणि पडद्यावर नकाराच्या ओळी उमटताना बघत कॉफी पिऊ लागली. त्या ओळींची तिला सोबत वाटायची.

मे महिन्यात संग्रहालयाचा आस्ब्यॉर्न घरी आला. भला माणूस, जुनं यंत्र त्यानेच भंगारातून वाचवलं होतं. त्याने चाचणी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, एवढ्यासाठी अडून बसलीस? खूण कशाला बघतेस? आकडा बघ. वाचताना जो होता तोच लिहिताना आहे ना? मग मध्ये कुणी आलं नाही असं धरायचं आणि लिहून मोकळं व्हायचं. सगळे असंच करतात."

"पण कुणीतरी येतं, आस्ब्यॉर्न."

"काही बदलतं का?"

"नाही."

"मग आलं काय नि न आलं काय!" तो हसला, आणि तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. तो हळूच म्हणाला, "सुन्निवा, हाल्वारचं नाव दारावर लावणार आहोत आम्ही. यंत्र चालायला हवं गं."

तो गेल्यावर ती बराच वेळ बसून राहिली. शहाणी माणसं असंच करत असतील, तिला वाटलं. जे बदलत नाही ते घडलंच नाही असं समजतात, जेवतात, झोपतात, उन्हाळ्यात कॉटेजवर जातात. तिने खुणेचा भाग काढला आणि त्या जागी ती साधी तुलना घातली. काम इतकं थोडं होतं की हातातली कॉफीही निवली नाही. तिने चाचणी लावली. एकही नकार न येता ती शेवटपर्यंत गेली.

संग्रहालय उघडलं. लोक आले, भाषणं झाली, जुन्या पडद्यावर हिरव्या रेघांचं बंदर उमटलं आणि म्हाताऱ्या वाटाड्यांनी डोळे पुसले. सुन्निवाला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. घरी येऊन, कोट न काढताच, तिने पलीकडच्या खुर्चीवर तळहात ठेवला. खुर्ची गार होती. पलंगही गारच होता.

तिने तुलना पुसून टाकली, खुणेचा जुना भाग अक्षर न बदलता परत घातला आणि चाचणी लावली. खूण मोडली नाही. लिहिणं पहिल्याच फटक्यात झालं. तिने पुन्हा लावली. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज. ती मुद्दाम खोलीबाहेर जायची, जिन्यात उभी राहायची, बाहेरूनच "मी बघत नाहीये हं" असं म्हणायची, आणि परत यायची. पडद्यावर ओळीमागून ओळ यश, यश, यश. त्या पडद्यासमोर ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. अंत्यसंस्काराच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. त्या दिवसापर्यंत तो पुरता गेला नव्हता.

गुद्रून दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"सुन्निवा, हसू नकोस हं मला."

"नाही हसत."

"माझ्या स्वयंपाकघरात… ते खिडकीजवळचं बाक आहे ना? लहानपणी आम्ही दोघं बसायचो ते. मी एकटी राहते, तुला माहीत आहे. मांजरसुद्धा नाही. आणि ते…" ती थांबली. "मी कुणाला तरी बोलावून बघू का? हीटरवाल्याला? की थर्मामीटर लावून ठेवू?"

सुन्निवाने फोन दोन्ही हातांनी धरला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि शेजारची मुलं अंगणात पाण्याची नळी घेऊन ओरडत होती.

"काही लावू नकोस, गुद्रून," ती म्हणाली. "तपासू नकोस. नुसती शेजारी बस."